अर्थाचा कोरा रकाना

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, इंग्रजी कोशाच्या कार्यालयातील निवृत्त नोंदकार, माझ्या राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डाव्या डोळ्याने दिसत नाही, पण मृत्युपत्राला एक डोळा पुरतो. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेले नाही. याआधी केलेली माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन्ही रागाच्या भरात लिहिली होती आणि त्यांत शुद्धलेखनाच्याही चुका होत्या.

कलम १. मी राहतो त्या दोन खोल्या, त्यांतील सामानासह, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळाव्यात. ती त्या घेणार नाही हे मला ठाऊक आहे. एकोणीस वर्षे ती माझ्याशी बोललेली नाही. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला मी पत्र पाठवतो आणि दर वर्षी ते न फोडता परत येते. अशी अठरा पाकिटे कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. एकोणिसावे अजून परत आले नाही, पण पोस्टही हल्ली सुस्त झाले आहे.

या मृत्युपत्राचे काम पाहणाऱ्या वकीलबाईंनी कच्चा मसुदा वाचून कपाळाला हात लावला. "काका, यात एवढी कहाणी कशाला? घर कोणाला, पैसे कोणाला, तेवढं लिहा ना."

मी म्हणालो, "माझी पत्रं ती फोडत नाही. तुमचं पाकीट तरी फोडेल."

त्यांनी मसुदा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू? वारसाला काही न वाचताही नकार देता येतो. एक कागद असतो, त्यावर सही केली की झालं."

तरीही मी लिहितो आहे. दुसरे काही करता येण्यासारखे नाही, म्हणून.

कलम २. बँकेत जी काही शिल्लक असेल तीतून माझे अंत्यविधी साधेपणाने उरकावेत. उरेल ते मुलीला.

कलम ३. बैठकीच्या खोलीतील अठ्ठेचाळीस खणांचे लाकडी कपाट आणि त्यातील एकतीस हजार सहाशे कार्डे. या कलमाला थोडी जागा लागेल.

व्याकरणाची जुनी पुस्तके सांगतात की इंग्रजीत सर्वनामाला मागून जागेचे शेपूट लावत नाहीत. 'माणूस', 'बाई' अशा शब्दांना लावावे. 'तो', 'ती', 'आम्ही' यांना लावू नये, दोन-चार अपवाद सोडले तर. माणसे मात्र खुशाल लावतात. मास्तर वर्गात ओरडतो, 'यू ॲट द बॅक!' ताटकळलेली बाई म्हणते, 'दोज ऑफ अस इन द क्यू'. पहारेकरी बोट दाखवतो, 'हिम विथ द अम्ब्रेला'. आपण आधी जागा सांगतो आणि मग माणूस: मागच्या बाकावरचा तू, रांगेतले आम्ही, छत्रीवाला तो. इंग्रजी बोलणारा आधी माणूस धरतो आणि मग त्याला जागेशी बांधतो. लोक हे खरोखर कधी करतात, एवढेच मी तेहतीस वर्षे ऐकत आलो. दवाखान्यात, बसथांब्यावर, लग्नघरात, फोनवर. वाक्य कानावर पडले की कार्ड करायचे.

एवढ्या कार्डांतून एकच गोष्ट हाती लागली. नुसते सर्वनाम पुरेनासे झाले की माणूस त्याला जागा जोडतो. त्याला कोणाला तरी गर्दीतून वेगळे काढायचे असते, नाहीतर आपण कुठे आहोत हे ऐकणाऱ्याने विसरू नये असे वाटत असते. हा निष्कर्ष माझा आहे. आमच्या साहेबांनी तो आपल्या ग्रंथात स्वतःच्या नावावर घातला आणि प्रस्तावनेत 'कार्यालयीन कर्मचारी' यांचे आभार मानले. साहेब वारले. त्या ग्रंथाची माझी प्रत त्यांच्या मुलाकडे पोचती करावी. तिच्या समासात मी एकशे बारा चुका दाखवल्या आहेत, पेन्सिलीने, म्हणजे वाटल्यास खोडता येतील.

कार्डे कोणालाही नको आहेत. कार्यालयाने नको म्हटले. विद्यापीठातल्या एका मुलीने माझ्यासमोर संगणकावर चार शब्द टाकले आणि मिनिटभरात दोन लाख वाक्ये पुढ्यात आणली. "काका, तुमचं सगळं यात आहे," असे ती फार प्रेमाने म्हणाली. तिचा दोष नाही. तेव्हा कपाट आणि कार्डे वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना द्यावीत. खण बटणांना बरे पडतील आणि कार्डांवर त्या लेस गुंडाळतात. पहिला खण मी त्यांना आधीच दिला आहे. कार्ड जाड आहे, दुमडत नाही, अशी त्यांची शिफारस आहे. माझ्या कामाची एवढी तारीफ साहेबांनीही कधी केली नाही.

यातून एक कार्ड वगळावे. ते कलम ५ मध्ये येईल. कलम ४ नात्यातल्या काही मंडळींविषयी होते, ते वकीलबाईंनी काढायला लावले.

कलम ५. कार्ड क्रमांक २६४०९.

हे कळण्यासाठी आमची पद्धत सांगितली पाहिजे. प्रत्येक कार्डावर सहा छापील रकाने असत: वाक्य, बोलणारा, स्थळ, वेळ, साक्षी, अर्थ. वाक्य नक्की पकडण्यासाठी बोलणाऱ्याकडून ते पुन्हा म्हणवून घ्यायचे. ते ऐकणारा दुसरा नोंदकार हजर असेल तर त्याने साक्षीच्या रकान्यात 'शब्द बरोबर' असे लिहून सही करायची. बोलणाऱ्याचे नाव घालायचे नाही, नुसते वय. अर्थाचा रकाना कोरा ठेवायचा. "अर्थ हा आपला प्रांत नाही," साहेब म्हणत. रकाना त्यांच्या आधीच्या साहेबांच्या काळात छापलेला होता आणि कार्डांचा साठा संपता संपत नव्हता.

माझ्या शेजारच्या टेबलावर जे नोंदकार बसत आणि माझ्या कार्डांवर ज्यांची साक्ष असे, त्यांच्या कोटाच्या कॉलरला सदा टाचण्या टोचलेल्या. माझ्या मुलीने लहानपणी त्यांचे नाव टाचणीकाका ठेवले आणि तेच चिकटले. आमच्या दोघांत एका फोनचे दोन रिसीव्हर होते. घंटा वाजली की दोघेही उचलायचो, कारण फोनवर माणसे सावध नसतात आणि नोंदी चांगल्या मिळतात.

घरात माझा दंडक होता: आईशी मराठी, बाबांशी इंग्रजी. मुलीचे भले व्हावे म्हणून, असे मी सर्वांना सांगत असे. ते खरे होते, पण अर्धेच. पाच वर्षांची असताना ती आरशापुढे उभी राहून म्हणाली, 'शी इन द मिरर इज नॉट टॉकिंग टू मी.' मी तिला उचलून घेतले, दोन बिस्किटे दिली आणि कार्ड केले. बायको त्या कपाटाला माझी सवत म्हणे. "आली का सवतीला नवी साडी?" असे ती नवा खण बसवला की विचारायची. तिला दमा होता. वर्षातून दोनदा धाप लागायची आणि ओसरायची. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. त्या दिवशी मी स्वतःला हेच सांगितले होते, एवढेच.

एकवीस वर्षांपूर्वी याच तारखेला दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी कार्यालयात फोन आला. मुलगी होती, वय सतरा. आईला श्वास घेता येत नाही, असे तिने सांगितले. मग म्हणाली, 'वी ॲट होम आर वेटिंग फॉर यू.'

घरात दोघीच होत्या. त्यांतल्या एकीला बोलता येत नव्हते. तरी ती 'आय' म्हणाली नाही, 'वी' म्हणाली आणि त्याला घर जोडले. असे उदाहरण माझ्याकडे नव्हते.

मी म्हणालो, "से दॅट अगेन."

तिला वाटले, मला ऐकू आले नाही. तिने ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा म्हटले. मी "ओके" म्हणून फोन ठेवला.

टाचणीकाकांनी विचारले, "निघतोयस ना?"

"हो, हे एवढं लिहून."

मी लिहिले. त्यांनी 'शब्द बरोबर' लिहून सही केली. मग जुन्या कार्डांशी ताडून पाहावे म्हणून मी कपाटाचे खण उघडले; ते तेव्हा कार्यालयातच असे. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. कोणीतरी चहा आणून ठेवला, तो आम्ही प्यालो. मी घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. बायको चार वाजून दहा मिनिटांनी गेली होती. मुलीने दारातच उशिराचे कारण विचारले आणि मी म्हणालो, लाइन खराब होती, नीट ऐकू आले नाही. ते तिने मानले. दोन वर्षे तिने माझ्यासाठी स्वयंपाक केला, माझी औषधे आणली, माझ्याशी इंग्रजीत बोलली.

मग साहेबांच्या ग्रंथासाठी कार्डे लावायची होती. सुट्टी होती, म्हणून मुलगी कार्यालयात मदतीला आली. तिने २६४०९ वाचले. बोलणारा: स्त्री, वय सतरा. वेळ: दुपारी १.२०. माझे वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. तिने ते कार्ड माझ्यापुढे ठेवले आणि मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्हाला सगळं नीट ऐकू आलं होतं."

 त्याच संध्याकाळी ती घर सोडून गेली.

ती त्या दुपारी माझ्याशी मराठीत बोलली असती तर मी धावत गेलो असतो, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगितले. नोंदायला काही नसते तर मी ऐकले असते. पण धाप लागलेल्या आईजवळ बसूनही तिने माझा दंडक मोडला नाही. तो मी घातला होता. ती चूक तिच्या गळ्यात बांधायचा प्रयत्न मी इतका काळ केला, याची मला लाज वाटते.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर द्यावी की न द्यावी या विचारात तिला पडावे लागेल, आणि माझ्यासाठी तिने तेवढाही वेळ घालवू नये. कार्ड तिला द्यावे. तिने नाकारल्यास ते माझ्या सदऱ्याच्या खिशात घालून माझ्याबरोबर जाऊ द्यावे. कार्ड रद्द करण्याचा मला हक्क नाही, पण दुरुस्ती करण्याची नोंदकाराला मुभा असे. ती मी आज केली आहे. दुरुस्त नोंद अशी वाचावी:

वाक्य: होते तेच.
बोलणारा: 'स्त्री, वय सतरा' हे खोडले आहे. माझी मुलगी.
स्थळ: 'कार्यालय' हे खोडले आहे. घर.
वेळ: दुपारी १.२०. तेव्हा अजून वेळ होता.
साक्षी: होती तीच.
अर्थ: बाबा, घरी या.

हे सर्व मी लिहून झाल्यावर साक्षीदारांना वाचून दाखवले. टाचणीकाकांना कानाचे यंत्र लावूनही कमी ऐकू येते, म्हणून कलम ५ दोनदा वाचावे लागले. सही करायला ते आधी तयार नव्हते. "तेव्हा सही करून मी तुझ्याबरोबर चहा प्यालो," ते म्हणाले. "आता कोणत्या तोंडानं करू?" मी म्हणालो, त्याच तोंडाने करा, दुसरे कोणी उरलेले नाही. मग त्यांनी पेन घेतले.

स्थळ: घर.
दिनांक: ९ मार्च २०१९. वेळ: दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

सही: मृत्युपत्र करणारा (तिचे वडील).

साक्षीदार पहिला: शिवणवाल्या बाई, वरचा मजला. सही.

साक्षीदार दुसरा: टाचणीकाका, निवृत्त नोंदकार. सही. शेरा: शब्द बरोबर.