बर्फावरची हॉकी बंद झाली

बर दुबई,
१४ मे २००१

प्रिय जमिला,

सलाम. माझी तब्येत ठीक आहे. अम्मीच्या गुडघ्याला उतार पडला का?

आमचा बर्फावरच्या हॉकीचा संघ बंद झाला. परवाच्या मॅचला साठ माणसं होती, त्यातलीही निम्मी उन्हातून गारव्याला आलेली. मॅच संपल्यावर मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "खलास. या शहराला हा खेळ नको."

कॅनडाच्या खेळाडूंना त्यांनी मिठ्या मारल्या, विमानाची तिकिटं दिली. मी विचारलं, "सर, आमचं काय?"

"मुनाफ, आधी कूलिंग बंद कर."

तीन वर्षं मशीन फिरवून आरशासारखा ठेवलेला बर्फ मी माझ्याच हाताने वितळवला आणि दुपारभर पाणी बाहेर ढकललं. बघायलासुद्धा कोणी थांबलं नाही.

तू काळजी करू नकोस. अबू धाबीजवळ मुसफ्फात एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम मिळतंय. पण तिथे पुरुष कामगारांच्या कॅम्पात राहावं लागेल, म्हणजे जूनमध्ये तुला इकडे आणायचं राहिलं.

शाळेत राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर हेडबाईंना भेटून परत माग. त्या बोलतील, ते माझ्या नावाने ऐकून घे.

तुझाच,
मुनाफ