देवाजीमामांचे बर्म्यातले बूट

नागपूर
२० फेब्रुवारी १९७४

आदरणीय देवाजीमामा यांना भाचा रविंद्र याचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. तुमची सून प्रेमिलाही ठीक आहे (माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत चांगली आहे).

न बोलण्याचे कारण बूट. कामठीच्या कबाड्यांकडून मी लष्कराचे जुने बूट जमवतो, हे तुम्हाला माहीत आहे. पायातली वस्तू घरात नको, म्हणून माझी सगळी पलटण ओसरीवर उभी असते. "घालाचे नाही, विकाचे नाही, मंग आणाचे काहून?" हे प्रेमिलाचे शेवटचे वाक्य. त्यालाही आता आठवडा झाला.

माझ्या ऑफिसात विश्वनाथ नावाचा एक जण आहे. तोही बूट जमवतो. माणूस चांगला आहे. (हे आधीच लिहून टाकले म्हणजे पुढचे लिहायला मी मोकळा.) मी कामठीला सायकलने जातो, तो स्कूटरने. मी पोचतो तेव्हा कबाडी मला चहा पाजतो आणि चांगला जोड आत्ताच गेला असे सांगतो. गेल्या रविवारी विश्वनाथने असाच एक जोड पाहायला ऑफिसातल्या सगळ्यांना गांधीबागेत घरी बोलावले. मी ठरवले, आपला सर्वात उत्तम जोड पायात घालूनच जायचे. महायुद्धातला, टाचेला लोखंडी नाल, तळव्याला खिळे. कापडबाजारातून चाललो तेव्हा असा आवाज होत होता की व्यापारी गादीवरून माना वळवून पाहत होते. विश्वनाथच्या दारापर्यंत मी सुखी होतो.

दारात त्याची आई उभी होती, रुखमाबाई. "बूट बाहीरच काढ गा बाबू, आत्ताच फरशी पुसली." ही गोष्ट आधीच माझ्या ध्यानात यायला हवी होती. जन्मभर आपण दारात चपला काढत आलो. मी आत काचेच्या कपाटाकडे बोट दाखवले. तिथे विश्वनाथचे बूट दिव्याखाली झळकत होते. त्या म्हणाल्या, "थे काय कोनाच्या पायातले हायेत?"

मी अनवाणी आत गेलो. माझ्या बुटांवर मागून येणाऱ्यांच्या चपला पडत गेल्या. आत विश्वनाथ सांगत होता की खिळ्यांचे बूट दगडावर वाजत, म्हणून रात्रीच्या गस्तीला शिपाई त्यांना पोत्याचे तुकडे बांधत. सगळे माना डोलवत होते. साहेबही. माझ्याकडे कोणी पाहत नव्हते. तेव्हा मी म्हणालो, त्यात काय, माझ्या मामांनी बर्म्याच्या लढाईत घातलेले बूट भिवापूरला घरी आहेत.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. विश्वनाथने जरा जास्तच.

निघताना मी पायरीवर बसून नाड्या बांधत होतो (खूप वेळ लागतो, तोवर बाकीचे गेले). विश्वनाथ शेजारी येऊन बसला. म्हणाला, "जोड सुरेख आहे गा. पण घालून झिजवून राहिला तू." खरे होते. म्हणूनच राग आला.

तब्येतीला जपा. मामींना नमस्कार सांगावा.

आपला भाचा
रविंद्र

ता. क. विश्वनाथ रविवारी मिरच्या घ्यायला भिवापूरला येतो आहे. गांधीबागेत मिरची मिळत नाही असे नाही. तुमचे घर कुठे म्हणून विचारत होता. कृपा करून त्याला बूट देऊ नका.

दुसरा ता. क. पत्र उशिरा पोचले आणि बूट दिलेले असले तर असू द्या. पण बर्म्याची हकीकत त्याला सांगू नका. तो समोर बसून अशा रीतीने ऐकतो की माणूस सांगून टाकतो. मी जेव्हा जेव्हा विचारले तेव्हा तुम्ही मला जेवलास का म्हणून विचारले. मी त्यानंतरच्या शनिवारच्या गाडीने येतो. जेवून येईन.