आई, तुझी गाडी गळत होती

आई, तुझी मोटरसायकल परवा चालू झाली. एवढंच सांगायला बसले होते, पण एवढंच सांगून भागणार नाही.

वारज्याच्या आपल्या रानात आता बिल्डिंग उभी राहणार आहे. त्यासाठी शेड पाडायची होती, म्हणून दादानं आतलं सगळं सामान अंगणात काढलं. खुरपी, फवारणीचा पंप, मेथीच्या जुड्या बांधायच्या सुतळीची भेंडोळी, आणि सगळ्यात मागे गोणपाट टाकलेली तुझी काळी गाडी. तू गेल्यापासून तिला कुणीच हात लावला नव्हता. दादानं भंगारवाल्याला फोनही केला होता. आप्पा खुर्चीत बसून सगळं बघत होते. ते एकदम म्हणाले, "चालू झाली तर न्हाय द्यायची." दादा म्हणाला, "आप्पा, किती वर्षं बंद आहे ती!" "मग बघू की. तुझ्या बहिणीला बोलाव." मी तेव्हा कर्वेनगरला घरीच होते, नोकरी संपल्यापासून घरीच असते. रिक्षा करून आले.

टाकीत तू भरलेलं पेट्रोल तसंच होतं. आता त्याला पेट्रोल म्हणायचं म्हणजे कौतुकच, रंग काळ्या चहासारखा आणि वास वार्निशचा. ते काढून टाकलं, टाकी धुतली, ताजं पेट्रोल घातलं आणि टाकीखालचा कॉक उघडला. लगेच कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून गळायला लागलं. थेंब थेंब नाही, चांगली धार. दादा लांबूनच म्हणाला, "छान. आता अंगण पेटवा." मी कॉक बंद केला, पान्याची मूठ घेतली आणि कार्बोरेटरच्या वाटीवर हलकेच ठोकलं, जसं तू ठोकायचीस.

मला कर्वे रस्त्यावरची ती सकाळ आठवते. मार्केट यार्डात टेम्पोतला माल उतरवून आपण परत येतोय, मला शाळेत सोडायचंय, आणि तुझ्या चपलेवर पेट्रोल टपकतंय. तू गाडी झाडाखाली घेतेस, नऊवारीचा ओचा सावरून खाली बसतेस आणि पाना काढतेस. एक टोपीवाले गृहस्थ फिरायला निघालेत, ते थांबतात आणि म्हणतात, "अहो बाई, हे पुरुषांचं काम आहे." तू पाना त्यांच्यापुढे धरतेस. "मग या, करा." ते घड्याळ बघतात आणि चालू लागतात. तू दोनदा ठोकतेस, गळणं थांबतं. नंतर मला म्हणतेस, "आत एक सुई असती. ती अडकली की पेट्रोल थांबत न्हाय. माणसाचं पण तसंच असतंय, पण माणसाला ठोकून उपयोग न्हाय." मी हसले, तर म्हणालीस, "हसू नको, नीट धरून बस."

तू गाडी शिकलीस ती हौसेनं नाही. आप्पा आंब्यावरून पडले आणि त्यांचा पाय गुडघ्यातून कायमचा ताठ झाला. टेम्पो माल घेऊन जायचा, पण पहाटे अडत्यापुढे आपलं माणूस उभं नसलं की आपली मेथी शिळी ठरायची. आप्पा बांधावर बसून ओरडायचे, "क्लच एकदम सोडू नको!" आणि तू कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन पडायचीस. गाव हसलं. यार्डातले हमालही हसले, "वहिनी, विमान कुठं उतरवताय?" तू म्हणालीस, "तुझ्या डोक्यावर. बाजूला हो." त्यानंतर तेच हमाल तुझ्या गाडीसाठी जागा धरून ठेवायला लागले.

या वेळी मात्र ठोकून काही झालं नाही. आप्पांनी मान हलवली. "लई वर्षं झोपलीय. उघडावं लागंल." मग मी त्यांच्या खुर्चीपाशी पोतं अंथरलं आणि वाटी खोलली. तळाशी हिरवट चिकट थर, पॅकिंग वाळून पापडासारखं झालेलं. सुईचं टोक झिजून त्यावर खाच पडली होती. दुसऱ्या दिवशी नाना पेठेत जाऊन सुई आणि पॅकिंग आणलं, सगळं धुऊन बसवलं, कॉक उघडला. परत धार. मला रडूच आलं. दादानं भंगारवाल्याला परत फोन केलेला मी ऐकला.

"ती पितळी डबी काढ," आप्पा म्हणाले. वाटीत तरंगते ती, फ्लोट. ती वर आली की सुईला दाबून पेट्रोल थांबवते. "कानापाशी हलव." हलवली. आत पेट्रोल डुचमळत होतं! डबीला कुठंतरी बारीक भोक पडलं होतं. आत पेट्रोल भरून ती जड झाली होती आणि तरंगायचंच विसरली होती. मी स्वयंपाकघरातून गरम पाण्याचं पातेलं अंगणात आणलं, डबी त्यात बुडवली, आणि जोडापाशी बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. आम्ही दोघंही त्या बुडबुड्यांकडे बघत राहिलो. आतलं पेट्रोल निघून जाईपर्यंत दुसरं कामच नव्हतं.

तेव्हा आप्पा बोलायला लागले. तू गेल्यापासून त्यांनी तुझा विषय काढला नव्हता, आम्हीही काढायचो नाही. म्हणाले, "कालव्यापाशी गाडी वळली की मला आवाज कळायचा. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा तसा न्हवता. मग चुलीवर आधण ठेवायचो. ती दारात यायची अन् च्या तयार. तिला वाटायचं, मी दिवसभर च्याच करत बसतो." तुला खरंच तसं वाटायचं का गं? की तुला माहीत होतं? मी त्यांना विचारलं, "मग गाडी चालू का नाही ठेवली?" ते म्हणाले, "आवाज आला असता अन् ती आली नसती."

डबी दोन दिवस उन्हात वाळवली, वस्तीवरच्या भांडी डागणाऱ्यानं भोकावर टाक्याचा इवलासा थेंब दिला. बसवली, कॉक उघडला. नळी कोरडी. आम्ही चहा पिऊन आलो तरी कोरडीच. किक मारून मारून माझा पाय भरून आला, मग दादानं मला बाजूला सारलं आणि स्वतः मारली. गाडी खोकली, पांढरा धूर सोडला आणि लागली. तिच्या त्या जड, सावकाश ठोक्यानं शेडचे पत्रे थरथरायला लागले. आप्पांचे डोळे मिटलेले होते. तसेच म्हणाले, "हवा थोडी कमी कर." मी कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू जरा आवळला. दादानं खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. गाडी आता माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येणार आहे.

मग आप्पा म्हणाले, "मला मागं बसव." दादा नको नको म्हणत होता. आम्ही दोघांनी धरून त्यांना बसवलं, तो ताठ पाय बाहेर काढून. मी हळू निघाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाले, "तिच्या मागं कधी बसलो न्हाय मी. पाय दुखतो म्हणायचो. लोक बघतील म्हणून बसलो न्हाय." मी खड्डा चुकवून गाडी पुढे काढली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बसायला पायजे होतं."

हे तुला कुठल्या पत्त्यावर कळवायचं? कागद माझ्यापाशीच राहील. पण एक गोष्ट दादालाही सांगितलेली नाही. परत यायला एवढा उशीर का झाला, असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, नवे रस्ते झालेत, वळण चुकलं. चुकलं नव्हतं, आई. आप्पा मागे गुणगुणत होते.