उसवून पुन्हा पहिल्यापासून

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. मोबाईलवर एक दाढीवाला गिटार शिकवतो, तो म्हणाला रोज काय वाजवलंत ते लिहा, म्हणजे प्रगती दिसते. मला प्रगती न लिहिताही दिसते. पण तो इतक्या पोटतिडकीने सांगतो की बिचाऱ्याचं मन मोडवत नाही.
गिटार आमच्या ठकीची, म्हणजे नातीची. नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा कपाटावर टाकून गेली. मी पुसायला म्हणून खाली काढली ती काढलीच. गाणं एकच घेतलंय, चार ओळींचं. त्यावर 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलंय, पण लिहिणाऱ्याने ते स्वतः वाजवून बघितलेलं नसावं. दुसऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत मी अशी सरळ येते, जशी इस्त्री केलेली कॉलर. आणि तिथे एफ नावाची पकड येते. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं झोपवायचं. माझं बोट झोपत नाही. एक तार बुम्म करते, बाकीच्या मुक्या.
आठवडाभरात होईल.

२ फेब्रुवारी, दुपार
नाही झालं. पण आठवडा कुठे संपलाय.

५ फेब्रुवारी
ठकीचा फोन आला. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला गिटार शिकायचंय म्हणे. महिनाअखेरीला ठकी घरी येतेय. म्हणाली, आजी, तू नुसती पुसूनच ठेवत असशील तर मी नेते ती. माझ्या तोंडून निघून गेलं, पुसते कसली, वाजवते! अख्खं गाणं वाजवते! ती फोनवर किंचाळलीच. म्हणाली, मग मला ऐकव, आणि गिटार तुझीच.
बोलून बसले. जिभेला हाड नसतं. बोटाला असतं, हीच तर सगळी अडचण आहे.
पण खरं सांगायचं तर गिटार गेली तर मला चालणार नाही. शर्टच्या कारखान्यातलं शिवणकाम सुटल्यापासून माझ्या हाताला स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तू उचलून जागेवर ठेवायच्या. कुणाचा चष्मा, कुणाचा टॉवेल. आणि आता ही मांडीवर असते.

८ फेब्रुवारी
सून म्हणाली, आई, रागावू नका, पण तुम्ही चुकलात की परत पहिल्यापासून का सुरू करता? तसंच पुढे जा ना. मी तिला समजावलं. अगं, उभी हयात कॉलरी शिवल्या मी. टाका चुकला तर तिथून पुढे शिवत नाहीत. उसवायचं आणि पहिल्यापासून घ्यायचं. वाकड्या टाक्यावर सरळ शिवण बसत नाही. ती म्हणाली, पण आई, हे कापड नाहीये. मी म्हटलं, म्हणून तर! कापड उसवून उसवून विरतं, गाणं कितीही वेळा उसवा!
तिला पटलं. कानात ती बिनवायरची बुचं घातली आणि भाजी चिरायला लागली.

१० फेब्रुवारी
गाडं रुतलंय हे कबूल. दुसऱ्या ओळीच्या शेवटी जायचं, बुम्म, की पहिले पाढे पंचावन्न. दाढीवाल्याने यावर वेगळा व्हिडिओ केलाय, म्हणजे मी एकटीच नाही, मोठमोठे लोक रुततात. उपाय तीन: जागा बदला, हळू वाजवा, कुणाच्या तरी साथीने वाजवा. 'चुकलात तरी थांबू नका' असंही तो म्हणाला, पण ते तरुण लोकांचं काम. हल्लीचे शर्टही बघा ना कसे उसवतात.
उद्यापासून जागा बदलणार.

११ फेब्रुवारी
स्वयंपाकघर: कोपर ओट्याला लागतं.
गॅलरी: समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. वाजवताना माझं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. समजूतदार आहे.
बाथरूम: आवाज काय घुमतो! स्वतःलाच ओळखलं नाही मी. पण बाहेर हे टॉवेल घेऊन उभे. विचारतात, गाणं कधी संपणार? मी म्हटलं, एफ आला की. तर म्हणाले, मग मी दाढी उद्या करतो.
मी बसते त्या खुर्चीचाच दोष आहे, तिचा एक पाय डुगडुगतो. तसं बोलले तर ह्यांनी लगेच ऐकवलं, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, अहो, या घरातला एक डुगडुगता पाय तुमच्याच्याने आजवर सरळ झाला नाही, तुम्ही अंगणाचं बोलू नका.

१५ फेब्रुवारी
हळू वाजवलं. इतकं हळू की मध्येच हे उठून म्हणाले, छान झालं, आणि झोपायला गेले. मी पहिल्या ओळीतच होते.

१७ फेब्रुवारी
साथ. घरात साथीला कोण येणार? सून ऑफिसला, ह्यांना टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही. मग वॉशिंग मशीन लावलं. त्याचा ठेका एकदम पक्का, घुर्र-थप, घुर्र-थप. पहिली ओळ अशी जमली की मला भरूनच आलं. मोठमोठ्या वादकांना असंच होत असेल. पण दुसऱ्या ओळीला ते पिळायला लागलं आणि जे सुटलं! मी मागे, ते पुढे, एफवर पोचेपर्यंत ते थांबून शिट्टीसुद्धा मारून मोकळं.
चादर दोनदा धुतली गेली. सून म्हणाली, आई, ही तर कालच धुतली होती. मी म्हटलं, स्वच्छता कधी वाया जात नाही.

२० फेब्रुवारी
शिलाई मशीनचा धागा फार ताणला की तुटतो, म्हणून कारखान्यात आम्ही टेन्शन, म्हणजे धाग्याचा ताण, सैल करायचो. तेच इथे केलं. खुंट्या फिरवून तारा सैल सोडल्या. बोट लगेच झोपलं! आनंदाने मी टाळी वाजवली.
आवाजही झोपला. गिटार पलंगाच्या नवारीसारखी वाजायला लागली. दाढीवाल्याचं बघून बघून परत ताणल्या. संध्याकाळ त्यातच गेली. आजचा सराव झाला असं धरते.

२४ फेब्रुवारी
बोटाला फोड. सुट्टी. मनातल्या मनात वाजवलं, एफसकट. एकदाही चुकले नाही.

२७ फेब्रुवारी, दुपार
आला! एफ आला! सगळ्या तारा एकदम बोलल्या! घरात कुणी नव्हतं. मी पळत खाली गेले, हे कोपऱ्यावरच्या दुकानात होते, त्यांना हाताला धरून वर आणलं. दुकानदार विचारत होता, काय झालं, कुणाला बरं नाही का? वर येऊन वाजवला. बुम्म.
हे म्हणाले, यासाठी मला दूध न घेता आणलंस? पण मला माहीत आहे ना. एकदा आला म्हणजे त्याला आपलं घर सापडलं. उद्या ठकी येतेय, उद्याही येईल.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
ठकी आली. वाळलीय. बाहेरचं खाते, दुसरं काय. केस मात्र छान कापलेत. हे, सून, ठकी, सगळे ओळीने सोफ्यावर बसले. मी नवी साडी नेसले होते.
सुरू केलं. पहिली ओळ अशी की ठकीने तोंडावर हात ठेवला. दुसरी. बुम्म.
उसवलं. पहिल्यापासून. बुम्म.
उसवलं. सून जमिनीकडे बघत होती. पुन्हा बुम्म. तेव्हा ठकी म्हणाली, आजी, थांबू नकोस. चुकू दे गं. पुढे जा.
इतक्या आर्जवाने म्हणाली की मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकडा टाका तसाच ठेवून पुढे गेले.
पुढे काही नव्हतं.
तिसरी ओळ कशी सुरू होते मला माहीतच नाही. मी तिथे कधी पोचलेच नव्हते. इतके दिवस वाटत होतं की एफच्या पलीकडे गाणं माझी वाट बघत उभं आहे. बोटं तशीच हवेत राहिली. मग ह्यांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनेनेही वाजवल्या.
ठकीने नाही वाजवल्या. ती उठून माझ्याजवळ खाली बसली, माझा हात घेतला, बोटांची टोकं चाचपली. म्हणाली, गिटार ठेव तू. मी विचारलं, म्हणजे पास? ती म्हणाली, ठेव गं आजी. ती लहानपणी धडपडली की मी ज्या आवाजात म्हणायचे ना, काही नाही झालं हं, तसाच आवाज होता तिचा.

१ मार्च
ठकी सकाळी गेली. गिटार माझी झाली! रीतसर, सगळ्यांसमोर. म्हणजे वाजवण्यात काहीतरी असणारच, उगाच कोण देतं? जायच्या आधी तिने मला तिसरी ओळ दाखवली. सोपी आहे. एफ तर नाहीच तिच्यात. उद्यापासून जोरात.

४ मार्च
पाव्हणी गेली की घर आवरायला दोन दिवस लागतात. ठकी काही पाव्हणी नाही म्हणा.

१२ मार्च
आज गिटार पुसली.
संध्याकाळी हे म्हणाले, काय गं, हल्ली वाजवत नाहीस? घर सुनं वाटतं. इतकं बरं वाटलं ऐकून. घेतली मांडीवर. पहिल्या तारेवर बोट ठेवलं, एफच्या पलीकडची ती रिकामी जागा आठवली आणि ठेवून दिली परत.
ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, भीती वाटते. म्हणाले, कसली? मी म्हटलं, पहिलं वाजवलं की लगेच पुढचं येतं हो.
तर म्हणाले, मग चांगलंच आहे की.
ह्यांना गाण्यातलं काही कळत नाही.