वरच्या खोलीत लंकेची मॅडम

२ जुलै, रविवार
वरची मॅडम आज पुन्हा जिन्यात उभी राहून फोनवर. दर रविवारी पुण्याच्या बाईंशी बोलते, अन् मराठीतच बोलते, सराव व्हावा म्हणून. त्याच बाईंच्या संस्थेनं हिले लंकेहून आसगावले पाठवलं. दिवसा शाळेत, संध्याकाळी विहारात पोरायले इंग्रजी शिकवते. पगार नाही घेत. हेच मले खटकते. मी उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स होती. फुकट होतं तरी लोक सुई टोचून घ्यायले येत नव्हते, घरोघर जाऊन पकडून आणावं लागे. अन् ही समुद्र ओलांडून फुकट शिकवायले आली?

नाव दिलिनी. गावानं दिल्लीवाली मॅडम करून टाकलं. शेजारची लीलाबाई मले विचारते, दिल्लीत एवढा भात खातात काय वं?

काल पवनीले गेली होती, म्हणून येताना सांबार आणायले सांगितला. डबाभर हॉटेलातला सांबार घेऊन आली! इडलीसोबत देतात तो. गरम गरम. आता वांग्याच्या भाजीवर हिरवं काय टाकू मी, माझं डोकं? मग समजलं, पुण्याकडे सांबाराले कोथिंबीर म्हणतात. अ. हसून हसून लोळली. (अ. म्हणजे अस्मिता, माझी पोरगी. रोज पूर्ण नाव कोण लिहीत बसते.) दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मी तिथंच उभी होती, डबा हातात धरून.

५ जुलै, बुधवार
रोवणा जोरात. शाळा सुटली तशी दि. सलवार वर खोसून लीलाबाईच्या बांधीत उतरली. म्हणते, आमच्या गावातही भातच. बायायसोबत उलटं चालत रोवलं, गाणं म्हटलं तिकडचं. लीलाबाई तिच्यावर फिदा. मी म्हटलं, मास्तरीण आहे की मजूर? लीलाबाई म्हणते, "तुमाले कोणाचं चांगलं दिसतच नाही सिस्टरबाई." दिसते. चांगलं कायले करते, तेही पाहतो मी.

मराठी मात्र इतकी शुद्ध बोलते की तहसील ऑफिसात उभं असल्यासारखं वाटते. पुण्याले वर्ग केला म्हणे. "मावशी, आपण जेवलात का?" आपण! माझ्या सासूनं कधी मले आपण म्हटलं नाही.

उद्या मी कोंढ्याले जाऊन राहिली, दादाकडे. अ. च्या स्थळाचं बोलायचं आहे.

७ जुलै, शुक्रवार
कोंढ्याहून सकाळच्या बसनं परत. दादा म्हणतो स्थळ चांगलं. मुलगा वनखात्यात, लाखांदूरचा, आपल्यातलाच, माणसं साधी. लाखांदूर म्हणजे सकाळी बसलं की जेवायच्या वेळेवर पोरीच्या दारात. मले आणखी काय पाहिजे? अ. चे बाबा गेले तेव्हापासून या घरात आम्ही दोघीच. ती दूर गेली तं मी कोणाशी भांडू? भिंतीशी? नागपूरचं स्थळ मी याच्याचसाठी परत केलं, सगळ्यायले सांगितलं की मुलगा बुटका आहे.

पाहुणे पुढच्या रविवारी. अ. ले सांगितलं. "बरं," म्हणली. तिचं बरं म्हणजे काय ते आजपर्यंत समजलं नाही.

९ जुलै, रविवार, आषाढी पौर्णिमा
विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं. दि. पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत. पंचशील आमच्यासोबतच म्हटलं, शब्द तेच, चाल तिची. दुपारनंतर जेवली नाही, शील पाळते. बायायचे डोळे भरून आले. माझे नाही.

घरी येऊन सुपात तांदूळ घेतले, तर जिन्यात फोन चालू. माझ्या या कानानं ऐकलं. पुण्याच्या बाईले सांगत होती, "अस्मिता माझ्याकडे येऊन राहिली. मला फार आनंद झाला."

सूप तसंच खाली ठेवलं.

माझी पोरगी हिच्याकडे येऊन राहिली! लंकेले! अन् हिले आनंद झाला! पुण्याच्या बाईले माहीत, अन् जन्म देणारीले पत्ता नाही. आता समजलं फुकट कायले शिकवते. पोरी फोडायले आली.

१० जुलै, सोमवार
अ. ले थेट विचारलं तं कबूल करणार नाही, म्हणून तांदूळ निवडता निवडता आडून विचारलं.
"लंकेत काय आहे वं एवढं?"
"मले काय माहीत?"
"तिथं आपल्या पोरी जातात काय, शिकवायले? ही इथं आली तशा?"
तिचा हात थांबला. "जातात?"
"मलेच काहून विचारतं? तुले माहीत असन."
"नाही वं आई."
पण त्यानंतर एक दाणा निवडला नाही तिनं. खोटं बोलताना हात थांबतो तिचा, लहानपणापासून. आई आहो मी.

१२ जुलै, बुधवार
जिन्याखाली झाडू घेऊन उभी राहिली. झाडायचं काही नव्हतं. अ. वर होती, शिकवणी संपल्यापासून वरच. सारं ऐकू येत नाही, पंखा फार वाजतो. समुद्र ऐकू आलं. शाळा ऐकू आलं. मग विमान. विमान!

खाली आली तं तळहातावर पेनानं गोल गोल अक्षरं, जिलेबीसारखी.
"काय आहे ते?"
"माझं नाव आहे, आई. त्यायच्या लिपीत."
धू म्हटलं. धुतलं नाही. डाव्या हातावर होतं, तो हात मागं लपवून उजव्या हातानं जेवली.

ताटावरच सरळ विचारलं. "तू लंकेले जाऊन राहिली काय?"
माझ्याकडे पाहतच राहिली. "कोणं सांगतलं तुले?"
"कोणं सांगतलं ते सोड."
हसली. ते हसणं बापाचं आहे. तोही एखादी गोष्ट मनात पक्की झाली की असाच हसे, अन् मग कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

१३ जुलै, गुरुवार
दि. आज लाखांदूरले. तिथल्या शाळेत पोरायचा कार्यक्रम म्हणे. दारातून म्हणली, "मावशी, मी जाते." माझ्या तोंडून निघूनच गेलं, घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. तं चप्पल काढून आत आली, पाणी प्याली, अन् पुन्हा निघाली, "येते" म्हणून. किती गरीब गाय!

पण लाखांदूरलेच काहून? तालुके काय कमी आहेत? पाहुणे तिथलेच. स्थळ मोडायले तं नाही गेली? दादाले फोन केला, वनखात्याच्या पोराच्या घराजवळ कोणी परकी बाई दिसली काय ते विचार म्हटलं. दादा म्हणतो, "कुसुम, तुले नर्स नाही, पोलिसात भरती करायले पाहिजे होतं." मोठा भाऊ आहे म्हणून ऐकून घेतलं.

संध्याकाळच्या बसनं आली, चिंब भिजून. पिशवीत सांबार, या वेळी हिरवा. घेतला. रात्रभर शिंकेल म्हणून काढाही करून दिला, ते नोकरीचं अंगात आहे.

१५ जुलै, शनिवार
उद्या पाहुणे. आज राहवलं नाही. वर चढली. दि. पोरायच्या वह्या तपासत बसली होती.
"माझ्या पोरीले काहून नेऊन राहिली?"
घाबरून उभीच झाली. "मी नाही नेलं, मावशी! ती स्वतःच आली, राहिली, सकाळी खाली गेली."
"कुठं राहिली?"
"इथे. तुम्ही कोंढ्याला होतात. खूप विजा कडाडत होत्या, तिला भीती वाटली. म्हणून माझ्याकडे येऊन राहिली. एकच रात्र."

मी तिच्या खाटेवर बसली. आली अन् राहिली! पुण्याचं येऊन राहिली! अन् आमच्याकडे जो अजून रस्त्यातच आहे, त्याले येऊन राहिला म्हणतात. तिले समजावून सांगितलं, हातवारे करून, बस येऊन राहिली, पाहुणे येऊन राहिले. तिच्या डोक्यात उजेड पडला तशी दोन्ही हात तोंडावर ठेवून "अय्यो" म्हणली. मग दोघी अशा हसलो की लीलाबाईनं भिंतीवरून विचारलं काय झालं. केवढीशी पोरगी, घरदार सोडून आलेली, अन् मी तिले पोरी पळवणारी करून ठेवलं. मले खरंच लाज वाटली.

खाली येऊन पुरण घातलं. डाळ उद्याच्या पाहुण्यायसाठी भिजवली होती, भिजवली तं भिजवली. पोळ्या लाटता लाटता अ. ले सारं सांगितलं. म्हटलं, पाह्य वं, तुझी आई किती पागल, एका शब्दावर तुले लंकेत पोचवून दिलं.

अ. हसली नाही.
"आई, तू विचारलं नसतं तं मले सुचलंच नसतं."
"काय सुचलं नसतं?"
"तू म्हणली नं, आपल्या पोरी जातात काय म्हणून. मग मी मॅडमले विचारलं. जातात. वर्षभर. मॅडमच्याच गावच्या शाळेत जागा आहे. मी पुण्याले हो म्हणून कळवलं."

पोळी तव्यावर काळी झाली. बोलायले तोंड कुठं ठेवलं मी? पोरीच्या हातात रस्ता मीच दिला, अन् वरून ताटावर विचारलं, जाऊन राहिली काय.

अन् आता लिहिता लिहिता ध्यानात येते. दि. ले हे माहीत होतं. माझ्यासोबत खाटेवर बसून पोट धरून हसत होती, तेव्हाही माहीत होतं.

१६ जुलै, रविवार
पाहुणे आले. मुलगा चांगला आहे, हेच वाईट झालं. बुटका नाही. पोहे सांडले नाही, मोबाईल काढला नाही. त्याच्या आईनं विचारलं, "पोरगी सध्या काय करते?" मी तोंड उघडायच्या आत अ. बोलली, "वर्षभरासाठी लंकेले जाऊन राहिली मी, शिकवायले."

इथं कोणाचाच गैरसमज झाला नाही. मुलाचे बाबा दादाकडे पाहतात, दादा माझ्याकडे, मी पंख्याकडे. मुलानं तेवढी मान वर केली. "वर्षानं परत येता नं?"
"हो," अ. म्हणली.
मी तो हो नीट ऐकला. फार लवकर आला. विचार करून दिलेला हो इतका लवकर येत नाही.

दि. वरच होती दिवसभर. खाली बोलावलं नाही मी. ताट वर पाठवलं.

१८ जुलै, मंगळवार
दादाचा फोन. मुलगा थांबायले तयार आहे म्हणतो, आईबाप नाखूश आहेत पण मोडत नाहीत. मग म्हणतो, "सारं तुझ्यावर आहे, कुसुम. पोरगी मले बोलली, आईनं नाही म्हटलं तं मी नाही जाणार."
हे मामाले सांगितलं. मले नाही. मले सांगितलं असतं तं मी तेव्हाच नाही म्हटलं असतं, म्हणूनच नाही सांगितलं. पोरगी माझीच आहे.
दादाले म्हटलं, उद्या सांगतो. नाही म्हणावं तं घर भरलेलं राहील, अन् ती जन्मभर माझ्यासमोर तांदूळ निवडत बसेल. हो म्हणावं तं... या घरात संध्याकाळी दिवा कोणासाठी लावायचा मी? भीती वाटते, दुसरं काही नाही.

दिवेलागणीले दि. खाली आली, मोबाईल पुढं धरून. "मावशी, माझी आई तुमच्याशी बोलायचं म्हणते."
पडद्यावर बाई. माझ्याच वयाची, केस घट्ट मागं बांधलेले. नमस्कार केला, मीही केला. मग ती मले न्याहाळायले लागली, वरून खाली. मागं भिंतीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, पुन्हा माझ्या तोंडाकडे. ती नजर मले ओळखीची आहे. काहीतरी विचारलं तिनं. दि. लाजली.
"काय म्हणते?"
"ती विचारते, तुम्ही मला परत पाठवाल ना? तिला वाटतं, तुम्ही माझं इथेच लग्न लावून द्याल. रोज तेच विचारते."
"सांग तिले, पाठवतो. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी मी स्वतः गाडीत बसवून देतो."
सांगितलं. बाईचा विश्वास बसलेला दिसला नाही. माझाही बसला नसता.
मग मी म्हटलं, "आता माझं विचार तिले. माझी पोरगी तिथं आली, तं ती परत पाठवेल काय?" अ. दारात उभी होती, ती आत आली नाही.
दि. नं विचारलं. ती बाई कितीतरी वेळ बोलली. हात हलवून बोलली, एकदा पदरानं डोळे पुसले, एकदा मान फिरवून हसली, मग पुन्हा बोलली.
दि. म्हणाली, "ती हो म्हणते."
एवढं सारं बोलली ती, अन् नुसतं हो? मधलं काय गाळलं हिनं?