माय बाजेवर बसत न्हाई

ता. ४ डिसेंबर १९९३
राणीसावरगावाहून धाकट्या भावाचा, नारायणचा निरोप. माय त्याच्या न्हाणीत पडली, खुबा मोडला. मी परभणीला दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणले, मोडका गोळा काढून लोखंडाचा बसवू, चालती होईल. नारायण मागं-पुढं बघायला. "अक्का, तिला सोताचं नाव आठवना. आता कापाकापी कामून?" मी म्हणलं, नावानं चालत असतेत व्हय? पायानं चालतेत. शेवटी हो म्हणला.

ता. ७ डिसें.
ऑपरेशन झालं. शुद्धीवर येऊन नर्सला पहिलं विचारलं, दळण झालं का. म्हंजे माय हाय तशीच हाय.

ता. १८ डिसें.
टाके काढले. डॉक्टरनं बजावलं : तीन महिने भुईवर बसायचं न्हाई. मांडी न्हाई, उकिडवं न्हाई. गोळा निसटला तर पुन्हा फाडावं लागंल, आन् या वयात ते सोसायचं न्हाई. तिला समजावून सांगा म्हणले. लय सोपं. सकाळी सांगितलेलं दुपारी तिच्याजवळ ऱ्हात न्हाई. गंगाखेडला माझ्याच घरी आणली. बाजेखाली विटा लावून उंच केली.

ता. २० डिसें.
आज दोनदा धरली. बाजेवरनं घसरत खाली जायली. सून शोभा म्हणली, बांधून ठेवावं. म्हणलं, आधी तू बांधून घे, मग बघू.

ता. २३ डिसें.
ध्यान ठेवलं. बायकाच असलो की निवांत बसती. गडीमाणूस दारात आला की निघाली खाली. माझा लेक विलास असो का पोस्टमन. दटावलं तर कानात म्हणली, "मामंजी आलेत. सुनेनं बाजेवर बसावं व्हय?"
सासरा जाऊन जमाना झाला, तरी हिला बाजेला टेकू देईना.

ता. २४ डिसें.
मामंजी कवाच वारले म्हणून सांगितलं. गळा काढून रडायली. शेजारीण पळत आली. तो विलाज बाद.

ता. २६ डिसें.
जमलं. उठल्याबरुबर म्हणलं, "तू माहेरी आलीस. लेकीला कसली बंदी?"
घर बघितलं. मला बघितलं. "माय?" म्हणली.
व्हय म्हणलं. दुसरं काय म्हणणार.
संध्याकाळी विलास आला. पदर सावरला, पण हालली न्हाई. उलट त्यालाच, "दादा, देवगाव फाट्यावरनं बोरं आणलीस का?" विलास माझ्या तोंडाकडं बघायला. मी डोळे वटारले. म्हणला, उद्या आणतो.

ता. ९ जानेवारी १९९४
चालायची लोखंडी चौकट धरून दारापतोर जाती. चल म्हणलं तर चालत न्हाई. मैत्रिणी आल्यात म्हणलं की निघाली. शोभाला वहिनी म्हणती आन् कामं सांगती. शोभाला सासू परवडली, ही नणंद जड चाललीय.
नारायणचा निरोप : संक्रांत झाली की आईला नेतो, लोक बोलायलेत. तीन महिने सरू दे म्हणून उलट निरोप धाडला.

ता. १६ जाने.
नामांतराच्या गडबडीत एस.टी. बंद. नारायण आला न्हाई. बरं झालं.

ता. २३ जाने.
जीप करून आला. पांढऱ्या मिशा, डोक्यावर पटका. हुबेहूब आमचा आज्जा, म्हंजे मायचा सासरा. मायचे पाय लागले भुईकडं सरकायला. मी खांदा दाबला. "बस. लेकीनं उठायचं नसतं." ऱ्हायली. पण पदर कपाळापतोर वढला.
नारायणला सगळं सांगितलं. म्हणला, "माझी बी आई हाय ती, अक्का." म्हणलं, हाय ना. पण तुझं घर तिचं सासर. तिथं कोण म्हणून बाजेवर बसवणार?
त्यानं पटका काढला आन् भुईवर बसला.
मायनं माझा हात वढला. "माय, न्यायला आलेत. जाऊ का?"
चहा टाकते म्हणून आत आले. पाणी उकळायलंय तवर हे लिहायलेय. फटीतनं दिसतेत दोघं. ती बाजेवर, तो भुईवर. ती त्याला बोरं द्यायलीय. माझ्या उत्तराची वाट दोघंबी बघायलेत.