उडणारी पाल

प्राणहिताकाठ, सिरोंचाजवळ
३ डिसेंबर १९५८

ती. सौ. इंदुताईस,
धाकट्या गुणवंताचा शि. सा. न. वि. वि.

नदीवरच्या दगडात अडकलेलं ते लांब हाड खरंच कोट्यवधी वर्षांपूर्वीचं आहे. काल कलकत्त्याहून जुनी हाडं शोधत आलेल्या घोषालबाबूंनी भिंगातून पाहून तसं सांगितलं. पाखराच्या हाडासारखं पोकळ, पण प्राणी सरपटणाऱ्यांच्या कुळातला. पंख पसरले की दोन बैलबंड्या झाकाव्यात एवढा! बाबू दगडासाठी पेटारा आणायला सिरोंच्याला गेले आणि गावाला समजावण्याचं काम या मास्तरावर पडलं. मी म्हणालो, उडणारी पाल.

तिथेच घात झाला. धुरपता त्याच दगडावर धुणं धुते. ती म्हणे, बोटभर पाल अंगावर पडली तरी आंघोळ करा लागते. मी पंधरा वर्सं हिच्यावर लुगडी आपटून राह्यली, आता मले कितीक आंघोळी लागन? पुढच्या बुधवारी हा विटाळलेला दगड डोहात लोटायचं गावाने ठरवलं आहे. बाबू त्याच दिवशी परततील. काय करू?

तुझा,
गुणवंत

---

चांदा, ६ डिसेंबर

चि. गुणवंतास,
अ. उ. आशीर्वाद.

शहाण्या, पाल दिसली की खाटेवर चढणारा तूच ना? मग तोच शब्द बरा सुचला! घोरपड म्हण. तिला कोणी भीत नाही. आणि तुमचं ते उडणारं जनावर खायचं काय, ते बाबूंना विचारून कळव. माझ्या वर्गातल्या मुलींनी डोकं खाल्लं आहे. जवसाची चटणी बसवाल्याबरोबर पाठवली आहे, एकट्याने संपवू नकोस.

माया आहेच, पत्राने ती वाढव.
तुझी ताई

---

प्राणहिताकाठ, ११ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

घोरपड म्हणताच चेहरे उजळले. गावातल्या पत्रूने तर लगेच विचारलं, एवढीत किती घरं जेवतील? तरी काल सारे डोहाकाठी जमलेच. म्हातारे पोचूबाबा ढीवर आहेत, जन्मभर मासेमारी केलेले. त्यांच्या शब्दावर सगळं अडलं होतं. त्यांनी तुझ्या मुलींचाच प्रश्न केला, खात काय होती?

तेवढ्यात बाबू पोचले. म्हणाले, बहुधा उडता उडता चोचीने पाण्यातले मासे उचलत असेल. पोचूबाबा पोट धरून हसले. म्हणे, साहेब, एवढी चोच पाण्यात घातली तर पाणीच तिले ओढून नेईल. हे तं काठाकाठानं चालत, करकोच्यावानी टिपत असन. मग मान लांबवून त्यांनी चालूनच दाखवलं. बाबू त्यांना पुन्हा चालायला लावून वहीत लिहीत बसले.

पोचूबाबांनी निकाल दिला: हे तं आपल्याच धंद्यातलं जनावर, त्याले काऊन बुडवता?

दगडाची बंडी शनिवारी निघेल. त्याआधी उद्या सकाळी बाबा कलकत्त्याच्या साहेबांना करकोचे दाखवायला नेणार आहेत. अट एकच, बूट काढून यायचं आणि तोंड उघडायचं नाही.

असाच लोभ राहू दे, चटणीसकट.
तुझा,
गुणवंत